बाबांच्या हिश्शाचा रिकामा रकाना

माझ्या नाकावर राग असतो हे गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मला कुणी फारसं टोकत नाही. त्या अमावस्येबद्दलही मला कुणी काही विचारलं नाही. नुसतं कुणी विचारलं असतं, की बाय, तू त्या सकाळी नक्की काय बघितलंस, तर मी सांगून टाकलं असतं असं मला वाटतं. पण कुणाला विचारावंसं वाटलं नाही, कारण बांध कुणी फोडला हे गावाने माझ्याआधीच ठरवून टाकलं होतं.

आमचं गाव खारेपाटात, खाडीच्या अगदी काठाला. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं, म्हणजे आमची खार, आणि मध्ये फक्त मातीचा बांध. शेतं भरतीच्या पाण्याच्या खाली आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. नागावला सुट्टीसाठी आलेल्या माझ्या ऑफिसच्या मैत्रिणींना मी एकदा भरतीच्या वेळी बांधावर नेऊन उभं केलं होतं. डावीकडे गढूळ पाणी पायापासून हातभर खाली, उजवीकडे भात माणसाच्या उंचीएवढा खाली. एकजण म्हणाली, "आणि तुम्ही इथे रात्री झोपता?" मी हसले होते. झोपतो की. बांधात खांड पडली, म्हणजे तो एके ठिकाणी फुटला, तर खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा शिरलं की त्या जमिनीत पुढची तीन वर्षं भात धरत नाही. हे माहीत असूनही आम्ही झोपतो.

बांधाचे चौसष्ट हिस्से आहेत, घरटी एक. प्रत्येक घराने वैशाखात आपल्या हिश्शावर खाडीचा चिखल चढवायचा, आणि पावसाळ्यात दर अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी आपला हिस्सा किती खचला ते मोजून सांगायचं. बांध पावसाने खचतो आणि खेकड्यांनीही खचतो. खेकडे आतून बिळं करत जातात, वरून काही दिसत नाही, आणि एके सकाळी तिथली माती वीतभर खाली बसलेली असते. सगळ्या बांधावर नजर ठेवायचं काम एका माणसाकडे असतं. आमच्याकडे ते माझ्या बाबांकडे होतं. उधाणाच्या आदल्या दिवशी ते खुणा केलेली बांबूची काठी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि संध्याकाळी पायाला गुडघ्यापर्यंत चिखल माखून परत यायचे. आई ओटीवर पाण्याची बादली ठेवून बसलेली असायची.

आता एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घराच्या हिश्शाला तेराव्यापर्यंत कुणी हात लावत नाही. माती टाकायची नाही, काठी टेकवायची नाही, त्यावरून चालायचंसुद्धा नाही. गेलेलं माणूस तेवढे दिवस आपल्या बांधावर शेवटच्या फेऱ्या घालतं असं आमच्याकडे मानतात. भावकीचं सुतक बांधाला लागत नाही, फक्त त्या एका घराचं लागतं. लहानपणी अशा हिश्शाजवळून जाताना मी आईचा पदर घट्ट धरायचे. भर दुपारी, ऊन असतानाही, तेवढा तुकडा मला वेगळा दिसायचा.

कॉलेज झाल्यावर मी बेलापूरच्या एका कंपनीत लागले. पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिणं हे माझं काम. मग ऑफिसं बंद झाली, सगळे घरून काम करायला लागले आणि मी गावी आले ती राहिलेच. बाबांची वही रोज डोळ्यांसमोर यायची. चौसष्ट घरं, पेन्सिलीचे आकडे, त्यावर चिखलाचे अंगठे. मला ते बघवेना. मी म्हटलं, बाबा, हे सगळं मी मोबाइलवर करून देते, ज्याने त्याने आपला खच घरबसल्या भरायचा. बाबा म्हणाले, "कर. तुझं शिक्षण एकदाचं आमच्या चिखलात पडू दे." त्यांना थट्टा करायला आवडायचं.

त्यांच्याबरोबर पडवीत बसून मी ते बनवलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी आता सांगते तेव्हा मलाच कसंतरी होतं.

प्रत्येक हिश्शाची एक ओळ. ओळीत तीन रकाने महत्त्वाचे. पहिला, वैशाखात माती चढवून झाल्यावरची बांधाची उंची. दुसरा, त्यानंतर झालेला खच, जो दर उधाणाला नव्याने मोजून भरायचा. तिसरा, त्या उधाणाला पाणी किती चढणार तो आकडा, भरतीच्या तक्त्यातून घेऊन आमच्या खुणेला जुळवलेला. उंचीतून खच वजा करायचा, त्यातून भरती वजा करायची, की पाण्याच्या वर बांध किती उरतो ते कळतं. त्याला बाबा शिल्लक म्हणायचे, म्हणून मीही शिल्लकच म्हटलं. शिल्लक एका वितीपेक्षा कमी असेल तर तो हिस्सा धोक्याचा. तिथे माणसं आणि मातीची पोती पाठवायची.

ही शिल्लक मी डेटाबेसात, म्हणजे जिथे हे रकाने साठवलेले असतात तिथे, कुठे साठवली नाही. साठवायची नसतेच. खच बदलला की शिल्लक बदलते, मग दोन्ही लिहून ठेवली तर कधीतरी एकमेकांशी खोटी पडतात. ती मागितली की त्या क्षणी तीन रकान्यांवरून काढायची असते. पायथन आणि डेटाबेस यांच्या मध्ये एक दुभाषी असतो. तो टेबलातली ओळ उचलून तुमच्या हातात एखाद्या वस्तूसारखी देतो, आणि त्या वस्तूला तुम्ही असा काढलेला गुण चिकटवू शकता. हिस्सा नावाची वस्तू, तिची शिल्लक. बघणाऱ्याला वाटतं तोही एक रकानाच आहे. प्रत्यक्षात तो कुठेच लिहिलेला नसतो.

फक्त हा गुण दोनदा लिहावा लागतो. एकदा पायथनच्या भाषेत, म्हणजे एकच हिस्सा उघडून बघितला की त्याची शिल्लक दिसेल. आणि एकदा डेटाबेसच्या भाषेत, म्हणजे चौसष्टांमधून धोक्याचे तेवढे निवडून यादी काढता येईल. वजाबाकी तीच, सांगायची मात्र दोघांना वेगवेगळी. पायथनच्या बाजूला मी लिहिलं की खच रिकामा असेल तर शून्य धर. नाही लिहिलं तर प्रोग्राम तिथेच आपटतो, म्हणून लिहावंच लागलं. डेटाबेसच्या बाजूला तसं काही आपटलं नाही. तिथे मी नुसती वजाबाकी लिहिली आणि चहा प्यायला उठले.

डेटाबेसला रिकामं म्हणजे शून्य नसतं. रिकामं म्हणजे माहीत नाही. माहीत नसलेलं कशातूनही वजा केलं की उत्तरही माहीत नाही. मग ते एका वितीपेक्षा कमी आहे का? माहीत नाही. जास्त आहे का? तेही माहीत नाही. अशी ओळ धोक्याच्या यादीत येत नाही आणि ठीकच्या यादीतही येत नाही. ती दोन्हींच्या मधून निसटून जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत मला हेच विचारलं होतं आणि मी मान ताठ करून उत्तर दिलं होतं.

यादी चालायला लागली. पहिल्या पावसाळ्यात लोक कुरकुरले, दुसऱ्यात सवय झाली. आधी उधाणाच्या दिवशी सगळ्या बांधावर माणसं पांगायची. आता सकाळी यादी आली की पाचसहा हिश्शांवर जायचं, बाकीच्यांनी आपापल्या कामाला. "लिस्टमधी न्हाय म्हंजे बरा हाय," असं लोक म्हणू लागले. मला ते ऐकून गुदगुल्या व्हायच्या. बाबा मात्र तरीही काठी घेऊन चालायला जायचेच. मी चिडवायचे, की तुमचा तुमच्या लेकीवर विश्वास नाही. ते म्हणायचे, "तुझ्यावर हाय, खेकड्यावर न्हाय."

एकदा मी त्यांना मोबाइलवर कुणाच्यातरी हिश्शाचा खच भरताना पकडलं. त्या घरात आदल्या आठवड्यात म्हातारी गेली होती, म्हणजे मोजायला कुणी जाऊ शकत नव्हतं. मी भडकले. म्हटलं, अंदाजाने आकडे भरायचे नाहीत, खोटा आकडा असण्यापेक्षा रकाना रिकामा असलेला बरा. मी हे ऑफिसात लोकांना सांगते तशाच आवाजात बाबांना सांगितलं. त्यांनी मोबाइल खाली ठेवला. म्हणाले, "बाय, जिथं लिव्हलेलं नसंल ना, तिथं आधी बगायचं असतं." मी म्हटलं हो हो, बघू. आणि लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

माझे काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. घर वेगळं, पण शेतं लागून, आणि बांधावरचे हिस्सेही शेजारी शेजारी. आमच्या हिश्शाच्या बरोबर मागे काकांचं शेत. त्या वर्षी उन्हाळ्यात काकांनी एका माणसाला जमीन दाखवायला आणलं, गोदामं बांधणाऱ्याला. विकली नव्हती, नुसती दाखवली होती. पण बाबांच्या डोक्यात तिडीक गेली. "खारीत भराव टाकलास तर तुझा माझा संबंध संपला," एवढं बोलले आणि त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. बांधावर समोरासमोर आले तरी तिसऱ्याला सांगायचे, त्याला सांग पोतं इकडं आण. आम्हाला वाटायचं गणपतीपर्यंत मिटेल. आमच्याकडे सगळं गणपतीपर्यंत मिटतं.

आषाढ संपता संपता बाबांना ताप आला आणि तो छातीत उतरला. अलिबागला दवाखान्यात दोन आठवडे होते. काका रोज यायचे आणि बाहेरच्या बाकड्यावर बसून परत जायचे. आत यायचं धाडस त्यांना झालं नाही. मी म्हटलं, काका, चला की आत. ते म्हणायचे, "उद्या. आज त्याला झोप लागलीय." ज्या दिवशी ते खरंच आत यायला उठले त्या दिवशी सकाळीच बाबा गेले होते.

नवव्या दिवशी पिठोरी अमावस्या होती, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. पाणी दुपारी एकच्या सुमाराला चढायचं होतं. बांध आता काकांकडे आला होता, दुसरं होतंच कोण. सकाळी दहा वाजता ते अंगणात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला म्हणाले, "बाय, लिस्ट काढतेस का?"

मी बाबांच्या खुर्चीवर बसून यादी काढली. धोक्यात पाच. ठीक अठ्ठावन्न. पाचही हिस्से उघाडीच्या पलीकडे, खालच्या अंगाला होते. उघाडी म्हणजे बांधातला पाणी सोडायचा दरवाजा, आमच्या हिश्शापासून तो चालत वीस मिनिटांवर. काकांनी पाच नावं कागदावर लिहून घेतली. मग जाता जाता थांबले आणि विचारलं, "आपला कसा हाय?"

आपला म्हणजे आमच्या घराचा, बाबांचा. मी बाबांचं नाव दाबून तो हिस्सा उघडला. शिल्लक दीड हात, असं तिथे लिहून आलं. मी तसं सांगितलं. काकांचा चेहरा जरासा उजळला. म्हणाले, "दादाचा बांध हाय. त्याला काय व्हतंय." आणि माणसं गोळा करायला गेले.

ते गेल्यावर मी स्क्रीन बंद करणार होते. तेवढ्यात वरचा आकडा नजरेला पडला. एकूण हिस्से, चौसष्ट. पाच आणि अठ्ठावन्न. मी मनातल्या मनात पुन्हा बेरीज केली. त्रेसष्ट होत होते. एक कुठे गेला?

हे मी बघितलं. ते मला आजही लख्ख दिसतं, खुर्चीचा उजवा हात सुटलेला होता तोसुद्धा दिसतो. पण आत बायका भेटायला आल्या होत्या, आईने दोनदा हाक मारली, आणि मी स्वतःवरच चिडून म्हटलं, नंतर बघू, बारीकसारीक काहीतरी असेल. मी लॅपटॉप मिटला.

अकरानंतर वारा फिरला. नैर्ऋत्येकडून यायला लागला, म्हणजे पाणी खाडीत ढकलणारा. भेटायला आलेल्या बायका एकेक करून उठल्या. कुणी तसं म्हटलं नाही, पण उधाणाच्या दिवशी जो तो आपलं दार धरून असतो. पाऊस नव्हता. पाऊस असता तर बरं वाटलं असतं. नुसतं भुरकट आभाळ आणि वारा, आणि शेतांवरचे बगळे सगळेच्या सगळे उठून गावाच्या बाजूला आलेले. मी असे बगळे घरांच्या कौलांवर बसलेले आधी कधी बघितले नव्हते.

घरामागे आमचं लहानसं तळं आहे. आम्ही त्यात जिताडे मासे सोडतो, खारेपाटात घरोघरी सोडतात. साडेबाराला मी खरकटं टाकायला मागच्या दारी गेले तर तळं काठाला आलं होतं. सकाळी त्याच्या दोन पायऱ्या उघड्या होत्या, आता एकही नव्हती. पाऊस नसताना. मी खाली बसले, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट होतं.

त्या क्षणी मला कुणी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. त्रेसष्ट आणि एक. दीड हात हा आकडा कुणी मोजलेला नव्हता. बाबा दोन आठवडे दवाखान्यात होते, आई आणि मी त्यांच्याजवळ, आणि नंतरचे नऊ दिवस त्या बांधाला कुणी शिवलं नव्हतं. आमचा खचाचा रकाना रिकामा होता. एका बाजूने माझ्या प्रोग्रामने तो शून्य धरला आणि मला दीड हात सांगून गप्प बसवलं. दुसऱ्या बाजूने त्याला तो माहीतच नव्हता, म्हणून त्याने तो यादीतून गाळला.

मी तशीच धावले. सुतकातली, अनवाणी. शेताच्या मेरेवर येईपर्यंत आवाज ऐकू यायला लागला, मोठा नाही, पिंपातून पाणी ओततात तसा. आमचा हिस्सा मधोमध गेला होता. बैलगाडी जाईल एवढी खांड, आणि त्यातून खाडी अगदी सावकाश, घाई नसल्यासारखी आत येत होती. काकांच्या शेतातली लावणी दिसेनाशी झाली होती, फक्त काही शेंडे पाण्यावर हलत होते. दोन्ही तुटलेल्या टोकांच्या मातीत खेकड्यांची बिळं दिसत होती. मूठ जाईल एवढी. बाबांनी काठी टेकवली असती तर ती आत गेली असती.

मी ओरडले. वारा माझ्या तोंडावर होता, पलीकडच्या पाच हिश्शांवरच्या माणसांना काही ऐकू गेलं नाही. त्यांना कळलं ते पाणी आतून त्यांच्या पायाशी आल्यावर. काका धावत आले तेव्हा खांड दुप्पट झाली होती. पोती टाकून काही होणार नव्हतं. काका तिथेच मेरेवर बसले आणि पाण्याकडे बघत राहिले. अख्खी खार त्या दुपारी गेली, चौसष्ट घरांची.

मला वाटलं होतं आता लोक माझ्यावर तुटून पडतील. मी तयार होते. पण घडलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवसापासून भेटायला येणारा प्रत्येकजण आवाज उतरवून एकच बोलू लागला. पाची हिस्से टिकले. बाकीचे टिकले. फुटला तो कुठला? ज्याचा माणूस अजून बांधावर फिरतोय तो. आणि पाणी शिरलं ते पहिलं कुणाच्या शेतात? ज्या भावाशी तो बोलत नव्हता त्याच्या. काका दाराशी बसलेले असायचे आणि हे सगळं ऐकायचे.

अकराव्या दिवशी ते उठून बाबांच्या फोटोसमोर गेले. मी आणि आई तिथेच होतो. काका फोटोला म्हणाले, "मशीन बोलला दीड हात हाय. दीड हात वर असलेला बांध पाण्यानं कसा फुटंल? तूच फोडलास, दादा. मना ठावं हाय तू का फोडलास." मग त्या सहा फुटी माणसाने फोटोसमोर जमिनीवर डोकं टेकलं. "नाय विकत. आता नाय विकत. राग सोड."

माझ्या आकड्याच्या साक्षीने ते हे सगळं म्हणत होते.

संध्याकाळी मी डेटाबेस उघडला आणि पहिल्यांदा सगळं नीट बघितलं. कुठला आकडा कुणाच्या मोबाइलवरून भरला तेही आम्ही नोंदवायचो. दोन पावसाळ्यांत गावात चार माणसं गेली होती. चारही वेळा त्या घराचा खच भरलेला होता, बाबांच्या मोबाइलवरून, आणि चारही वेळा आकडा एकच: दोन हात. एवढा खच भरला की हिस्सा हमखास धोक्याच्या यादीत येतो. मी ओरडल्यानंतरही त्यांनी भरला होता. ते मोजत नव्हते, कारण हात लावायचा नव्हता. ते फक्त माणसं तिथे पाठवत होते. यादीत नाव आलं की दोन माणसं पोती घेऊन शेजारच्या हिश्शांवर उभी राहायची, मधल्याला न शिवता, आणि पाणी चढलंच तर सुतक बाजूला ठेवून आत घुसायची. त्यांच्या वहीच्या काळापासूनची रीत असणार ही. मी ती विचारलीच नव्हती. आणि पाचव्यांदा वेळ आली तेव्हा तो आकडा भरायला ते नव्हते, कारण गेलेले तेच होते.

मी खूप रडले. मग आईला सगळं सांगितलं, रकाने, वजाबाकी, त्रेसष्ट, सगळं. तिला प्रोग्राम कळला नाही पण गोष्ट कळली. बराच वेळ ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, मी उद्या काकांना सांगते. तिचा हात थांबला.

"गप बस," ती म्हणाली. "तुला ह्या गावात राह्यचंय. चौसष्ट घरांची खार गेलीय, बाय. तुझ्या बाबांना नावं ठेवू दे लोकांना. त्यांना आता काय व्हतंय?"

"आणि काका?"

ती उठून दिवा लावायला गेली.

मी गप्प बसले. रागीट माणसं धीट असतात असा लोकांचा समज आहे, तो चुकीचा आहे.

चूक दुरुस्त करायला चार ओळी पुरल्या. आता दोन्ही बाजूंना एकच नियम आहे: खचाचा रकाना रिकामा असेल तर तो हिस्सा धोक्याचा, आणि यादीत सगळ्यात वर. बाबांनी सांगितलं होतं अगदी तसंच. यादी आता बरोबर आहे. फक्त आमच्या हिश्शाचा बांध अजून बांधलेला नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव सरकारदरबारी गेलाय आणि तिथे तो सुखात आहे. गावाने मागे घरांच्या बाजूला घाईघाईने दुसऱ्या बांधाची ओळ घातली आहे, तिच्यावरच आता सगळ्यांची भिस्त, आणि ती अजून कच्ची आहे. जिथे बांधच नाही तिथला खच कोण मोजणार? आमचा रकाना रिकामाच राहतो. त्यामुळे दर उधाणाला यादीत पहिलं नाव बाबांचं येतं. वारस म्हणून अजून आमची नावं लागलेली नाहीत.

काकांनी गोदामवाल्याला परत पाठवलं. त्यांच्या शेतात पांढरट खपली धरली आहे आणि कडेला खारफुटीची रोपं उगवायला लागली आहेत. ते कुणाशी फार बोलत नाहीत. यादी घ्यायला मात्र दर उधाणाच्या सकाळी न चुकता अंगणात येतात.

ते नाव यादीतून काढायला मला एक मिनिट लागेल. पण रिकामी ओळ पुन्हा लपवायची नाही, एवढं मी स्वतःशी ठरवलं आहे. तेवढंच मला जमतंय.

परवा अमावस्या आहे. वारा आजपासूनच नैर्ऋत्येकडून आहे. काका दहा वाजता येतील, मी कागद त्यांच्या हातात देईन. ते पहिलं नाव वाचतील, अंगणातच चपला काढतील आणि कागदाला हात जोडून पुटपुटतील, "दादा, अजून राग गेला नाय काय?" आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी असेन.